घोट्याचा घोटाळा

जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन टीव्हीवर पाहिली. पेडर रोडचा चढ साठीचे आजोबा हसत चढत होते. तेवढं पुरलं. संध्याकाळी आठ हजारांचे बूट घरात आले. घोट्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.

धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-अडीचपट दणका पायावर बसतो म्हणे. माझं वजन ८४ किलो. म्हणजे दर पावलाला ज्वारीची दोन पोती एकेका घोट्यावर! हमालसुद्धा एवढ्याला कबूल होणार नाही. चौथ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरलो आणि भिंत धरून बाथरूम गाठलं. आईने आंबेहळद उगाळत विचारलं, "कुत्रं मागे लागलं होतं का रे?"

डॉक्टर म्हणाले, "पळणं बंद. पोहा, नाहीतर सायकल चालवा. हृदयाला फरक कळत नाही, घोट्याला कळतो."

सायकल! बाबांनी तीस वर्षं कचेरीत जाताना हेच केलं, उजव्या पायाला क्लिप लावून, हँडलला डबा अडकवून. तेव्हा त्याला 'लो-इम्पॅक्ट कार्डिओ' नव्हे, स्कूटर न परवडणं म्हणत. तीच सायकल माळ्यावरून काढली, चेनला तेल दिलं आणि शनिवारवाड्यापर्यंत जाऊन आलो. घोटे एकदम गप्प.

मनगटावरचं घड्याळ मात्र हँडल धरल्यामुळे जवळपास पाऊलच मोजत नाही. घामाघूम होऊन दारात पोचलो, तर ते थरथरून म्हणालं, 'उठा, थोडं चाला!'