शेगावात कॉलेजजवळ फ्लॅट घेणाऱ्या नवख्यांसाठी

फ्लॅट बघायला निघण्याआधी एक गैरसमज दूर करून घ्या. बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा आहेत आणि विद्यापीठ एकही नाही. आपलं विद्यापीठ अमरावतीला, शेगावपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. तेव्हा ‘युनिव्हर्सिटीला लागून’ असा फ्लॅट जिल्ह्यात कुणी दाखवायला लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. चहा पाजा आणि पुढचा दलाल गाठा.

पण निराश व्हायचं कारण नाही. १९८३ मध्ये अमरावतीत विद्यापीठ निघालं आणि त्याच वर्षी शेगावात खामगाव रोडला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. घाटाखालच्यांना आणि घाटावरच्यांनाही तेच विद्यापीठासारखं. राहिला प्रश्न शहराच्या मध्याचा. तो शेगावात कुणी विचारत नाही. गजानन महाराजांचं मंदिर आहे तो मध्य. (२०२४ मध्ये बुलढाण्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिकडच्या जागांविषयी कुणी हळू आवाजात बोलायला लागलं तर जपून. हळू आवाजातला भाव नेहमी चढा असतो.)

पायरी पहिली : कारण शोधणे. मुलाला अ‍ॅडमिशन मिळाली, कॉलेजला होस्टेल आहे, मेस आहे, मग फ्लॅट कशाला? हा प्रश्न तुम्हाला पडेल. तो मोठ्याने विचारू नका. घरात मुलाचे मामा बसलेले असतील आणि ते म्हणतील, “भाडं भरण्यापरीस हप्ता भरलेला काय वाईट, भाऊजी?” महाराष्ट्रातले निम्मे फ्लॅट या एका वाक्यावर उभे आहेत. मामा स्वतः भाड्याच्या घरात राहतात, ही गोष्ट यावेळी काढू नये.

पायरी दुसरी : किंमत समजून घेणे. लाखांत सांगितलेली किंमत कास्तकाराच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून ती सोयाबीनमध्ये मोजावी. समजा फ्लॅट तीस लाखांचा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे दोन खोल्या, हॉल आणि किचन मिळून ५६३ क्विंटल. एकरी आठ क्विंटल उतरलं तर आपण गावात पेढे वाटतो, त्या हिशेबाने सत्तर एकरांचं एका हंगामाचं पीक. त्यातून बियाणं, फवारणी, निंदण, मळणी काही वजा केलेलं नाही. आणि हमीभाव हातात पडेल हे धरलेलं आहे, ते वेगळंच. हा हिशेब एकदा बायकोला वाचून दाखवा. ती ऐकून घेईल आणि विचारेल, “मंग बाल्कनी किती क्विंटलची?”

आता प्रत्यक्ष पाहणी. घाटावरची मंडळी, म्हणजे चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडची, फ्लॅट बघायला डिसेंबरात येतात. गुरुवार धरून दर्शन करायचं, कचोरी खायची आणि गार वाऱ्यात गच्चीवर उभं राहून ‘वा’ म्हणायचं. शेगावात फ्लॅट बघायचा तो मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता, वरच्या मजल्यावर. स्लॅबखाली दहा मिनिटं काही न बोलता बसा. दलाल आधी उठला तर फ्लॅट घेऊ नका.

दलालाचं अंतराचं माप वेगळं असतं, तेही शिकून घ्या.

“गच्चीवरून कालेज दिसते, भाऊ.”

“दिसते ते ठीक. चालत किती?”

“दिसते म्हणजे जवळच हाय ना!”

गच्चीवरून सातपुडाही दिसतो.

पाण्याची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुणीच करत नाही. शेगाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहे. “बोअरला बारा महिने पाणी” हे वाक्य इथे खरं असू शकतं, पण त्याने सुटत काहीच नाही. पिशवीत एक पेला ठेवा. बोअरचा नळ सोडा, पेला भरा, एक घोट घ्या. तोंड वाकडं झालं तर ते दलालाला दिसू द्या, भाव तिथेच थोडा उतरतो. मग बिल्डिंगमधल्या जुन्या रहिवाशाच्या बाथरूममध्ये डोकावा. नळाच्या तोटीला पांढरा थर, बादलीच्या कडेला पांढरी रेघ, कूलरच्या जाळ्यांवर पांढरी खपली दिसली, तर गिझरचं एलिमेंट तुम्ही किती वर्षांनी बदलाल याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. नगरपालिकेचा नळ किती दिवसांनी येतो हे बिल्डरला विचारू नका. खालच्या मजल्यावर भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा. वार आणि वेळ दोन्ही सांगतात.

कूलर निघालाच आहे तर हेही. नमुना फ्लॅटमध्ये बिल्डर एसीचा पॉइंट हौसेने दाखवतो. तुम्ही खिडकीचं ग्रिल बघा. कूलर टेकवायला बाहेर जागा नसेल, तर तो फ्लॅट वऱ्हाडासाठी बांधलेलाच नाही.

त्यानंतर भिंती. काळी माती कपाशीला चांगली, इमारतीला उपद्रवी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. पाया मुरुमापर्यंत किंवा मजबूत थरापर्यंत नेलेला नसेल, तर जमिनीचं हे फुगणं-आकसणं भिंतीवर उमटतं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर दिसली की बिल्डर म्हणतो, “प्लास्टरची आहे.” प्लास्टरची चीर केसाएवढी असते. जिच्यात एटीएम कार्ड जातं ती पायाची. कार्ड खिशात ठेवाच.

कागदपत्रांची पायरी कितवी हे आता माझ्याही लक्षात नाही. इथे माणसं घाबरतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्याकडे व्यवहार इसारचिठ्ठीने सुरू होतो. पाचशेचा स्टॅम्प, दोन साक्षीदार, त्यातला एक चहावाला. भावना म्हणून ठीक आहे. पण प्रकल्प रेरा कायद्याखाली नोंदलेला असेल, तर नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हे त्याला सांगा. तो तुमच्याकडे असा बघेल जणू तुम्ही त्याच्या आईचं नाव काढलं.

आता गंमत ऐका. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसेल किंवा फ्लॅट आठांपेक्षा जास्त नसतील, तर रेराची नोंदणी लागत नाही. त्यामुळे लहान गावात अशी इमारत भेटली की फ्लॅट मोजा. आठ भरले तर हसू नका, बिल्डरला गणित येतं एवढं समजा. मग तुमचा राखणदार तुम्हीच. अकृषक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद हातात घेऊन वाचायचे, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. जुन्या वस्तीतली जागा असेल तर आखीव पत्रिका काढून ती नझूलची तर नाही ना, बघा. नझूल म्हणजे मालक सरकार, पट्टा दुसऱ्याचा आणि डोकेदुखी तुमची.

क्षेत्रफळ विचाराल तेव्हा ‘कार्पेट’ हा एकच शब्द वापरा. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्टची खोली, पॅसेज सगळं येतं. तिथे पलंग टाकता येत नाही.

खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केलीत, तर २०२१ पासून स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. तीस लाखांवर तीस हजार वाचतात. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. म्हणजे इकडे वाचले ते तिकडे गेले. शिवाय यापुढे भांडणात “हे घर माझं आहे” हे वाक्य तुम्हाला म्हणता येणार नाही. विचार करून ठरवा.

ताबा मिळाला, गृहप्रवेश झाला, मुलगा राहायला आला. इथे सगळी मार्गदर्शकं संपतात. शेगावात खरा विषय इथून सुरू होतो.

तुम्ही फ्लॅट कॉलेजजवळ घेतला होता. नातेवाइकांच्या हिशेबी तो मंदिराजवळ आहे. संस्थानचं भक्तनिवास आहे, स्वच्छ आहे, स्वस्त आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण “आपलं घर असतानी भक्तनिवासात कायले?” या प्रश्नाला उत्तर नाही. गुरुवारी दोन माणसं, एकादशीला पाच. माघ वद्य सप्तमीला, महाराजांच्या प्रकटदिनी, किती ते विचारू नका. ऋषिपंचमीला पुण्यतिथी, आणि बहुधा त्याच दिवसांत मुलाची टेस्ट. मेव्हण्याच्या साडूचा फोन येतो, “किल्ली कोणाजवळ ठेवली?” चार वर्षांत तुम्ही त्या फ्लॅटमध्ये जितक्या रात्री काढाल, त्याच्या तिप्पट तो साडू काढेल. किल्लीच्या तीन प्रती काढून ठेवा आणि सतरंज्या ठोक भावाने खामगावहून आणा.

सगळ्यात मोठी परीक्षा आषाढीनंतर. पंढरपूरहून महाराजांची पालखी परत येते आणि खामगाव ते शेगाव या शेवटच्या पंधरा-सोळा किलोमीटरच्या वाटेवर पालखीसोबत सारा मुलूख चालायला निघतो. तुमचा सारा गोतावळाही. फ्लॅट त्याच रस्त्याला आहे, ही गोष्ट दलालाने जमेची म्हणून सांगितली होती. दुपारपासून माणसं जिने चढू लागतात. पायांना फोड, अंगावर चिखल, तोंडात ‘गण गण गणात बोते’. हॉलमध्ये अकरा, बेडरूममध्ये आठ, किचनमध्ये मोठ्या आत्याबाई पिठलं ढवळतायत. ऊन पाण्यात पाय बुडवायला रांग लागलेली, गिझरचं एलिमेंट नेमकं आदल्या दिवशी गेलेलं आणि चुलत सासरे पेल्यातल्या पाण्याचा घोट घेऊन विचारतात, “जावईबापू, पाणी खारं हाय का हो इथलं?”

तेवढ्यात मुलाचा फोन येतो. “बाबा, उद्या सबमिशन हाय. मी होस्टेलवर झोपतो आज.”