आनंदाचं रजिस्टर

निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसनं मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. चौतीस वर्षं घड्याळाकडं बघत काम केलेल्या माणसाला घड्याळच द्यायचं, ही कल्पना कुणाची, ते कळलं नाही. ते घड्याळ घेऊन आम्ही दोघं लोणावळ्याला राहायला आलो. हवा चांगली, असं सगळे म्हणाले. हवा चांगलीच आहे, पण वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात जून ते सप्टेंबर ती हवा बनियनसारखी पिळून घ्यावी लागते.

आल्या आल्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, ''साखर कमी, मीठ कमी, आणि मुख्य म्हणजे आनंदी राहा.'' आता ज्या गावात दर दहा पावलांवर चिक्कीचं दुकान, तिथं साखर कमी करून वर आनंदी राहायचं! गोळ्यांचं त्यांनी लिहून दिलं. आनंदाचा डोस किती, जेवणाआधी की जेवणानंतर, काहीच लिहिलं नाही.

मी पडलो हिशेब तपासनीस. घरी येऊन दोनशे पानी वही आखली. रकाने सहा: दिनांक, कृती, अपेक्षित आनंद, प्रत्यक्ष आनंद, फरक, शेरा. बायकोनं वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ती तोंडाला पदर लावून आत गेली. तेव्हा मला वाटलं, सर्दी झाली असेल.

पहिली कृती योग. लोणावळ्यात राहून योग न करणं म्हणजे आळंदीला जाऊन इंद्रायणीत पाय न भिजवणं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथं कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. मी रोज सकाळी त्यांच्या फाटकापर्यंत चालत जायचो. आत मात्र कधी गेलो नाही. माझं पोट कुणी यंत्रं लावून मोजावं, एवढी माझी आध्यात्मिक तयारी झालेली नव्हती. प्रत्यक्ष आनंद: निरंक. शेरा: फाटक सुंदर आहे.

मग मुलानं फोनवर हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास सांगितला. १९३८ साली सुरू झालेला. बॉस्टनकडच्या ७२४ माणसांच्या मागं ही मंडळी दशकानुदशकं लागली होती. रक्त तपासलं, प्रश्न विचारले, पुढं बायकामुलांनाही विचारलं. निष्कर्ष असा, की म्हातारपणी तब्येत कुणाची बरी राहते? ज्याची माणसांशी नाती बरी, त्याची. पन्नाशीत कोलेस्टेरॉल किती होतं यापेक्षा घरच्यांशी आणि मित्रांशी कसं होतं, हे जास्त कामाला येतं.

झालं! मी वहीत उद्दिष्ट लिहिलं: रोज पाच नाती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बार्शीच्या मावसभावाला फोन लावला. अकरा वर्षांनी. पलीकडून आवाज आला, ''कोण गेलं?''

''कोणी नाही. सहज केला.''

''सहज म्हणजे? किती पाहिजेत?''

दुसऱ्यानं मी विमा विकायला लागलो असं समजून फोन ठेवला. तिसऱ्यानं पाऊण तास त्याच्या गुडघ्यांची हकिगत सांगितली. आधी उजव्याची, मग डाव्याची. चौथ्याचा नंबर आता एका फर्निचरवाल्याकडं होता. तोच काय तो प्रेमानं बोलला. पाचवा फोन केलाच नाही. आतून बायकोच्या खोकल्याचा आवाज येत होता. सर्दी बरीच वाढलेली दिसली.

मग हास्यक्लब. ही गोष्ट तर आपल्या महाराष्ट्रातलीच. १९९५ च्या मार्चमध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना बागेत जमवून हसायला सुरुवात केली. आधी एकमेकांना विनोद सांगायचे. पण विनोदांचा साठा थोड्याच दिवसांत संपला. उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी ठरवलं, विनोदाशिवायच हसायचं. आधी खोटं हसा, खरं मागून येतं.

माझं खोटं दोन आठवडे आलं, खरं येईना. सकाळचं धुकं असं, की शेजारचा हसतोय की खोकतोय ते दिसत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात सिंहहास्य आलं. डोळे वटारायचे, जीभ बाहेर काढायची आणि गर्जना करून हसायचं. मी सगळा जीव एकवटून गर्जना केली आणि माझी वरची कवळी ओल्या गवतात जाऊन पडली.

क्षणभर शांतता. मग बागेत हसण्याचा असा स्फोट झाला, की झाडावरचे कावळे उडाले. एक आजी बाकाला धरून खाली बसल्या. क्लबचे प्रमुख डोळे पुसत म्हणाले, ''काका, सहा वर्षांत असं कुणी हसलं नव्हतं.'' मी गुडघ्यांवर बसून धुक्यात दात शोधत होतो. प्रत्यक्ष आनंद: निरंक.

शेवटची कृती दूधवाल्याच्या शेतावर. मळवलीपलीकडं त्याची दोन खाचरं आहेत, इंद्रायणी भाताची. ही जात आमच्या मावळातल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राची, आंबेमोहोराच्या वंशातली. लोकल धरली, एका स्टेशनवर उतरलो. खाचरात सात-आठ बाया वाकून लावणी करत होत्या. त्यांतली दूधवाल्याची आजी सत्तरीच्या केव्हाच पुढं गेलेली, पण तिचा हात इतका झरझर चालत होता, की रोप कधी रुतलं ते दिसत नव्हतं.

मी पँट वर दुमडली, रोपांची मूठ घेतली आणि चिखलात उतरलो. एक रोप लावलं, पाऊल पुढं टाकलं. दुसरं लावलं, पुन्हा पुढं. पाच मिनिटांत मागं वळून पाहिलं, तर आजीनं सकाळपासून लावलेली अख्खी ओळ मी तुडवत आलो होतो.

''आवं बाबा, मागं सरायचं, मागं!'' आजी ओरडली. ''म्होरं गेलं की लावल्यालं तुडवलं जातंय!''

मी घाईनं मागं सरलो. पाय सरला, चप्पल तिथंच राहिली, आणि मी खाचरात बैठक मारली. बाया हसल्या. आजी हसली. तिला दात चारच होते, पण तिनं एकही हातचा राखला नाही. दुपारी तिनंच तांदळाची भाकरी आणि मिरचीचा खर्डा दिला, आणि जो कुणी बांधावरून जाईल त्याला मला दाखवून ती गोष्ट पहिल्यापासून सांगत राहिली.

घरी आलो, चिखलासकट. बायकोनं दार उघडलं आणि ती दारातच खाली बसली. सर्दीचा संशय मी तेव्हा सोडला.

महिनाअखेरीला दोघं डॉक्टरांकडं गेलो. माझे आकडे होते तिथंच. बायकोचं ब्लडप्रेशर मात्र कधी नव्हे ते उतरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, ''ताई, काही वेगळं करताय का?'' ती म्हणाली, ''मी काही नाही करत.'' 'मी'वर जरा जास्तच जोर होता.

रात्री हिशेब बंद करायला वही काढली. माझ्या निरंकांच्या रांगेशेजारी, शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. अक्षर तिचं. 'बार्शीचा फोन. किती पाहिजेत!' त्याखाली, 'कवळी. पोट दुखेपर्यंत.' आणि शेवटी, 'चिखल. पुन्हा जाणार का विचारावं.'

मी ते सगळं दोनदा वाचलं. मग कपाटातून जुनं हिरव्या शाईचं पेन काढलं आणि नोकरीतल्या सवयीनं तिच्या एकेका नोंदीपुढं बरोबरची खूण केली. सकाळी दूधवाला आला, तेव्हा त्याला विचारलं, लावणी अजून किती उरलीय. तो घाबरून म्हणाला, ''संपली, काका.''

आतून बायको म्हणाली, ''कापणी असेल की!''