रंगांची सर्वपक्षीय बैठक

बीड जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, पण फ्लेक्स हमखास येतो. वाढदिवस असो, निवड असो की श्रद्धांजली, चौकात दहा बाय वीसचा माणूस उभा राहतो आणि त्याच्या पायाशी शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग लागते. अशा मुलखात आपल्याला फोटोशॉप येतं हे माणसानं झाकून ठेवावं. मी ते लग्नाकार्यात सांगत फिरलो.

धाकटे चुलते, नाना, ग्रामपंचायतीला उभे राहणार होते. फर्मान आलं, "फ्लेक्स तूच कर. भगवा, निळा, पिवळा, हिरवा, समदे रंग टाक. कुणी नाराज नको व्हायला."

सरळ चार पट्टे पाडले असते तर भागलं असतं. पण मी पडलो कलावंत! एक रंग हळूहळू दुसऱ्यात विरघळवणारं ग्रेडियंट टूल घेतलं, चारही रंग ओळीनं भरले, या कडेपासून त्या कडेपर्यंत माऊस ओढला आणि नानांना बरोबर मध्यभागी बसवलं.

निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हे चित्रकलेच्या गुरुजींनी शिकवलेलं. पण तो कायदा रंगपेटीचा. पडद्यावर लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश, आणि प्रत्येकाला 0 ते 255 आकडे. निळा म्हणजे 0, 0, 255. पिवळा म्हणजे 255, 255, 0. संगणक मध्ये नुसती सरासरी काढतो. तिन्ही आकडे 128च्या आसपास आले की रंग उरतो राखाडी. तो नेमका नानांच्या मागे आला. मला ते धुकं वाटलं, भारीही वाटलं.

वर फाइल दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली. तिथं ती दाबली गेली आणि रंगांच्या मऊ उताराला पायऱ्या पडल्या. फ्लेक्स चौकात लागला. करड्या पार्श्वभूमीवर नाना, हात जोडलेले, चेहरा प्रसन्न.

दुपारी पाटोद्याहून आत्याचा रडत फोन आला, "कधी गेले रं नाना?"

फोन नानांनीच उचलला होता.

तेव्हा मंडळी, निळ्या-पिवळ्याच्या मध्ये पांढऱ्याचा एक थांबा द्या, म्हणजे राख होत नाही. फाइल पेनड्राइव्हवर न्या. आधी हातभर नमुना छापून बघा. आणि उमेदवार निवडणुकीपर्यंत हयात दिसायला हवा असेल, तर सरळ पट्टे पाडा.