पासपोर्टचं व्याकरण
दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवायला ई-२ व्हिसा लागतो. तो प्रामुख्याने सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयाची चालते, अगदी भूगर्भशास्त्राचीसुद्धा. शेवटी पाया पक्का हवा ना!

दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे दहा टक्केही नाहीत. हरकत नाही, यादीत नाव आहे.

भारताचं सर्वोच्च न्यायालय इंग्रजीत चालतं; पण पुण्यात इंग्रजीत एम.ए. झालेल्या बाईंना सोलच्या खासगी क्लासचं दार बंद. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-दक्षिण कोरिया व्यापार करारानं थोडी फट ठेवली आहे. इंग्रजीची पदवी हवी, वर शिक्षकाचा परवाना हवा. एवढं करून नोकरी मिळते ती सरकारी शाळेत, सहाय्यक म्हणून.