नीतीची सुगी

शेतकऱ्याचे पीक पावसावर, तसे व्यवसायनीतीच्या प्राध्यापकाचे घोटाळ्यावर. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने जुलै २००० मध्ये ६४ पानांची नीतिसंहिता छापली आणि डिसेंबर २००१ मध्ये दिवाळे काढले. तिच्या दाभोळच्या विजेचा झटका आपल्याला बसला, वर्गांना मात्र कायमचा धडा मिळाला. २००८ मध्ये सत्यम या संगणक कंपनीला उत्तम कारभाराचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनीच खोट्या हिशेबांची कबुली दिली. चला, आणखी एक शोधनिबंध, आणखी एक बढती!

२०१३ च्या कंपनी कायद्याने तर बारमाही पाण्याचीच सोय केली. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्चायचे. ते कसे खर्चावेत, यावर परिसंवाद झडतात, पदविका निघतात, अध्यासने बसतात. उरलेले ९८ टक्के कसे कमावले, हे विचारायला सर तोंड उघडणार, तोच पहिल्या रांगेतले प्रायोजक दिसतात. मग सर चहाची सुट्टी जाहीर करतात. त्यांना तरी दोष का द्यावा? या कायद्याचे कलम १३५ सुद्धा खर्चाचाच हिशेब मागते, कमाईचा नाही.