होल्डवरची बासरी

ग्राहक सेवेचा संदेश ध्वनिमुद्रित करायला म्हणे चांगला स्टुडिओ लागतो. गोड गळ्याची निवेदिका, मागे बासरी आणि तबला-डग्गा, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, तेही स्टिरिओत. मग फाइल टेलिफोनवाल्यांच्या हाती पडते. ते डावं-उजवं एक करून टाकतात (राजकारणात हे कुणाला जमलेलं नाही), नमुने ८,००० वर आणतात आणि प्रत्येकाला आठ बिटांत कोंबतात. ही जी.७११ या टेलिफोन-मानकाची शिस्त १९७२ सालची. आपल्याकडे तिचा ए-लॉ हा प्रकार चालतो, अमेरिकेत म्यू-लॉ. दोघांची गल्लत झाली की निवेदिका खरखरू लागते. ३०० हर्ट्‌झच्या खालचं आणि ३,४००च्या वरचं जवळजवळ सगळं कापलं जातं. डग्ग्याचा घुमारा गेला, बासरीची फुंकर गेली. वाटेत जी.७२९ हा कोडेक भेटला तर विचारूच नका. तो माणसाच्या बोलण्याचा साचा धरून आवाज आवळतो. त्याच्या लेखी बासरी म्हणजे घसा बसलेला कुणी इसम. एवढ्या काटछाटीतून एकच वाक्य मात्र दर मिनिटाला सुखरूप पोचतं: ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.’ बहुधा त्यात गाळण्यासारखं मुळात काही नसावं.