मार्चेल्लोचा ठप्पा

बदली होऊन लखनौला आलेल्या मराठी अधिकाऱ्याला दोन गोष्टी शेजाऱ्यांच्या कानावर घातल्याशिवाय चैन पडत नाही: पोहे कांदा घालूनच करायचे असतात, आणि इथलं संगीताचं कॉलेज आमच्या भातखंड्यांनी काढलं. पहिल्या मुद्द्यावर वाद होऊ शकतो. दुसरा पक्का आहे. वाळकेश्वरचे वकील विष्णू नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून 1926 मध्ये मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज तिथे त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे.

असेच एक बँकवाले साहेब चौकात चिकनकारीच्या कारखान्यात बायकोच्या कुर्त्याची चौकशी करायला गेले. खिशातल्या मोबाइलवर आलेस्सांद्रो मार्चेल्लोचा डी मायनरमधला ओबो कन्चेर्तो चालू होता. छपाईवाल्या मियाँनी ठप्पा हवेतच धरला.

“शहनाई है, साहब?”

साहेबांना एवढं निमित्त पुरे होतं. दोन्ही वाद्यं दुहेरी पत्तीची, एकाच कुळातली, असं त्यांनी समजावलं. युरोपातला मोकळ्या हवेत दणदणाट करणारा शॉम सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारात सुधारला, त्याला दोन-तीन चाव्या बसल्या, आवाज दिवाणखान्यात बसण्याजोगा झाला आणि ओबो जन्मला. इकडची शहनाई नौबतखान्यात राहिली आणि तिथून लग्नाच्या मांडवात आली. व्हेनिसच्या अल्बिनोनीने 1715 मध्ये ओबोचे कन्चेर्तो छापले. त्याच गावच्या मार्चेल्लोचा हा कन्चेर्तो 1717 च्या सुमारास ॲमस्टरडॅमला छापून निघाला.

तोवर मियाँचे चार बुट्टे छापून झाले होते. लाकडी ठप्पा निळ्या रंगात टेकवायचा, मलमलीवर ठेवायचा, वरून मुठीने एक ठोसा. पुढचा बुट्टा मागच्याला बरोबर भिडलेला.

मधला संथ भाग लागला. खाली तंतुवाद्यांचे एकसारखे ठोके, वर ओबोचा लांब, रडवेला सूर. साहेब सांगू लागले, छापील सुरावट अगदी साधी आहे, नक्षी बाखची. वायमारला असताना बाखने ही रचना एकट्या हार्पसिकॉर्डसाठी उतरवली आणि या भागात मुरक्या-हरकती भरल्या. आजचे ओबोवादक बरेचदा मार्चेल्लो वाजवताना बाखच्याच हरकती घेतात. आणि मूळ धन्याचं काय? रचना कधी विवाल्दीच्या नावावर, तर कधी धाकटा भाऊ बेनेदेत्तोच्या. त्यात आलेस्सांद्रोला इतर रचना ‘एतेरियो स्तिन्फालिको’ या टोपणनावाने छापायची हौस. ‘चतुर’ या नावाने बंदिशी बांधणारे आमचे भातखंडेही त्यातलेच, हे साहेबांनी जाता जाता जोडलंच.

मियाँना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी शेजारचं, छापावर भरतकाम होऊन धुऊन आलेलं कापड उलगडलं. मुर्री, फंदा, जाळीचे टाके, सगळं पांढरंशुभ्र. निळ्या रंगाचा मागमूस नाही.

“ठप्पा हमारा था. धुल गया. अब सब कढ़ाई की तारीफ़ करेंगे.”

साहेब मार्चेल्लोच्या वतीने हळहळले.

“उनको मज़दूरी मिली थी?” मियाँनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं, माणूस व्हेनिसचा खानदानी उमराव. मजुरीची गरजच नव्हती.

“फिर काहे का ग़म, जनाब?” असं म्हणत मियाँनी ठप्पा पुन्हा रंगात बुडवला आणि कुर्त्याच्या छपाईचे पैसे अत्यंत अदबीने आगाऊ मागितले.